दाजी, पट्टा मी घरीच बदलला

गेल्या लग्नसराईत वसमतच्या एका मांडवात, ऐन पंगतीत, आमच्या दाजींनी चारचौघांसमोर मला वेड्यात काढलं. निमित्त माझ्या गाडीचं. २०१३ सालच्या माझ्या डिझेल डस्टरचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मी अंगणात, लिंबाखाली, दोन दिवस खपून स्वतः बदलला होता. कुणीतरी कौतुकानं ते सांगायला गेलं आणि दाजींचा पारा चढला. "मास्तरकी करायची सोडून इंजिन खोलतो का? उद्या घरच्या घरी कुणाचं अपेंडिक्स काढशील!" पंगत हसली. मीही हसलो, कारण तोंडात जिलबी होती आणि बहिणीच्या नवऱ्याला पंगतीत उलट बोलायची आमच्याकडं रीत नाही. लेखात बोलायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. माणूस मुद्द्याचा. हात धुताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि बोटं मोडत तीन गोष्टी ऐकवल्या. एक, हे काम नाजूक. एक दात चुकला की इंजिन गेलं. दोन, पट्ट्याचं एक वेळ समजू, पण न बिघडलेला पंप कशाला बदलायचा? आणि तीन, जी त्यांच्या मते सगळ्यांत वजनदार: तुझ्यासारख्या पगारदारानं असली कामं घरी करणं म्हणजे मिस्त्रीच्या पोटावर पाय.

पहिल्या मुद्द्यातलं भय खरं आहे, ते मी कमी लेखणार नाही. इंजिनात खाली क्रँक, वर कॅम. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक. हा हिशेब सांभाळतो एक दातेरी पट्टा, बाहेरून रबर आणि आत काचतंतूंच्या दोऱ्या. गाडी दोन हजार आरपीएमवर निवांत चाललेली असते तेव्हा एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो आणि मिटतो, आणि दरवेळी पिस्टन वर पोचायच्या आत त्याला वाटेतून बाजूला व्हावं लागतं. डिझेल इंजिनात तर पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळजवळ उरतच नाही. पट्टा एखादा दात चुकून बसला तर गाडी धूर ओकते, ओढत नाही. जास्त दात चुकले किंवा पट्टाच तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. मग वाकलेले व्हॉल्व्ह, मोडलेले रॉकर, खोललेलं हेड, आणि वारंगा फाट्यापासून घरापर्यंत टोचन.

इथवर दाजींचं आणि माझं एकमत. पुढं ते म्हणतात, म्हणून घरी करू नये. हा 'म्हणून' कुठून आला? काम चुकलं तर नुकसान मोठं, यावरून एवढंच ठरतं की ते तपासून करावं. ते कुठं करावं हे त्यावरून ठरत नाही.

आणि तपासण्याच्या बाबतीत हे काम इतर कामांपेक्षा उलट सोपं आहे. गिअर टाकताना खर्र होतंय ते क्लचमुळं की सिंक्रोमुळं, इंजेक्टर टपकतोय की पंप दाब देत नाही, हे ओळखायला कान लागतो आणि तो कान वीस वर्षं गॅरेजात बसल्याशिवाय येत नाही. तसल्या कामात मी मिस्त्रीपुढं हात जोडून उभा राहतो. टायमिंगला कान लागत नाही. माझ्या गाडीच्या इंजिनात कॅमच्या पुलीला एक भोक आहे. त्यातून आठ मिलीमीटरची पिन थेट हेडमध्ये शिरते. खाली ब्लॉकवरची एक टोपी काढली की तिथं दुसरी पिन आट्यांवर बसते आणि क्रँक तिला येऊन टेकला की पिस्टन नेमक्या जागी थांबलेला असतो. डिझेल पंपाच्या पुलीवर खूण आहे, टेन्शनरला सुई आहे. जुना पट्टा काढायचा, नवा चढवायचा, सुई खुणेवर आणायची, पिना काढायच्या, क्रँक पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिना पुन्हा घालून बघायच्या. शिरल्या तर टायमिंग बरोबर, नाही शिरल्या तर चूक. दोन्ही उत्तरं किल्ली फिरवायच्या आधी मिळतात.

दाजी, अपेंडिक्स काढल्यावर रोग्याला हातानं दोन फेरे फिरवून बघता येत नाही.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर दाजी ती सांगतील; आमच्या ताईकडून त्यांना ती कळलीच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा चढला, सुई बसली. वरची पिन काढली. मग मोठा सॉकेट क्रँकच्या बोल्टला लावला आणि जोर दिला. पाना जागचा हलेना. पाठीतून घाम उतरला. पहिला विचार असा आला की व्हॉल्व्ह टेकला, झालं, दाजी जिंकले. पाना सोडला, पाणी प्यालो, लेकीला मोबाइलचा उजेड धरायला लावला आणि गाडीखाली सरकलो. खालची पिन जशीच्या तशी होती. नजरेआड असल्यामुळं मी ती काढायलाच विसरलो होतो. पिन काढली, दोन फेरे झाले, पिना परत घातल्या. दोन्ही लोण्यात सुरी जावी तशा शिरल्या.

दाजींच्या लेखी हा माझ्याविरुद्धचा पुरावा. मी म्हणतो, हा माझ्या बाजूचा पुरावा आहे. विसरतो कोण? मी विसरतो, मिस्त्री विसरतो, एसी केबिनवाल्या वर्कशॉपातला युनिफॉर्म घातलेला पोरगाही विसरतो. विसरल्यानंतर पुढं पाना लागतो की सेल्फ, यावर सगळं अवलंबून. हातात पाना होता म्हणून पिन नुसती अडली. घाईत सेल्फ मारला असता तर काय काय मोडलं असतं याचा विचार मी मुद्दाम करत नाही. आणि घाई कुणाला असते? ज्याच्या दारात संध्याकाळी द्यायच्या आणखी चार गाड्या उभ्या असतात त्याला. माझ्या दारात शेजाऱ्यांची शेळी उभी होती.

या जिल्ह्यात बसून "सामान्य माणसानं यंत्राला हात लावू नये" असं म्हणणं मला तर विनोदी वाटतं. हळदीच्या हंगामात वसमत-कळमनुरीकडं चक्कर मारा. शेतात बॉयलर पेटलेला असतो, वाफेच्या दाबावर हळद शिजत असते, आणि ते सगळं चालवणारा माणूस कुठल्याही कोर्सचं प्रमाणपत्र खिशात घेऊन उभा नसतो. रात्री दोनला लाइट आली की बोअरची मोटर चालू करणारा, स्टार्टर जळाला तर तो खोलणारा, ट्रॅक्टरचं ऑइल आणि फिल्टर बांधावर बदलणारा माणूस तोच. दाबाखालची वाफ आणि थ्री फेज करंट ही टायमिंगच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी जीवघेणी प्रकरणं. तिथं दाजी त्याला 'कष्टाळू शेतकरी' म्हणतात. त्यानंच चारचाकीचं बॉनेट उघडलं की तो 'अडाणी' होतो. औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो वेधशाळा उभी राहणार आहे; २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं तिला २,६०० कोटी मंजूर केले. प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान हालचाल तिथं मोजायची आहे. त्याच मातीतल्या माणसाला आठ मिलीमीटरची पिन भोकात घालणं झेपणार नाही, हे मला पटत नाही. (लायगोचा दाखला जरा ओढूनताणून आहे, मान्य. पण दाजींनी अपेंडिक्स काढलं होतं.)

शिवाय दाजींचा हा युक्तिवाद त्यांचा स्वतःचा नाही, तो उसना आहे. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडं एक तक्रार गेली: कारकंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. तिथं कंपन्यांच्या बचावात एक मुद्दा हाच होता, की बाहेरचा मिस्त्री पुरेसा शिकलेला नाही, त्याच्या हाती भाग गेले तर ग्राहकाची सुरक्षितता धोक्यात येईल. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. पुढं अपिलांत दंडाच्या हिशेबावर वाद झाले, पण त्या आदेशातली एक गोष्ट प्रत्येक गाडीवाल्यानं लक्षात ठेवावी: बाहेरच्या मिस्त्रीकडं काम केलं एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं आयोगानं बजावलं. त्यानंतर २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत आणि गाड्याही आहेत. म्हणजे कंपनीनं कालपर्यंत मिस्त्रीला अडाणी म्हटलं, आज दाजी मिस्त्रीच्या बाजूनं उभं राहून मला अडाणी म्हणतात. शब्द तेच, फक्त एक पायरी खाली सरकलेत.

दुसरा मुद्दा पंपाचा. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथं माझे पैसे गेलेत.

दाजींकडं जुनी अडीच लिटरची डिझेल इनोव्हा आहे. तिच्या इंजिनात वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो. टायमिंगच्या पट्ट्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळं "पट्टा बदलताना पंप कशाला?" हा त्यांचा प्रश्न त्यांच्या गाडीपुरता रास्त आहे. जुन्या सँट्रोचंही तसंच. पण माझ्या डस्टरमध्ये, तेच इंजिन असलेल्या लोगान-व्हेरिटोमध्ये आणि बऱ्याच फोर्ड-फोक्सवॅगन डिझेलांमध्ये टायमिंगचा पट्टाच पंप फिरवतो. आमच्याकडचे मिस्त्री त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. तिथवर पोचायला पुढचं उजवं चाक काढा, आतला प्लास्टिकचा पडदा काढा, चेंबरखाली जॅक लावून (मध्ये बाभळीची फळी, नाहीतर चेंबर चेपतो) इंजिन तोलून धरा, माउंटिंग सोडा, क्रँकची पुली काढा, कव्हर काढा. एवढी सगळी उस्तवार केल्यावर पंप समोर चार बोटांवर दिसतो. आणि मग म्हणायचं, गळत नाही ना, राहू दे.

पाच वर्षांपूर्वी असंच झालं. नाव-गाव सांगत नाही. एका मोठ्या शहरातलं गॅरेज. पट्टा बदलायला दिला. मी पंपाचं विचारलं, तर उत्तर आलं, "पंप एकदम ओके आहे सर, उगाच खर्च कशाला." मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं, चहाही मीच पाजला. दीड वर्षानं कूलंट कमी व्हायला लागलं. बाटली भरायची, आठवड्यात खाली जायची, जमिनीवर थेंब नाही. पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं; आतलं सील झिजलं की आधी तिथून पाझरतं, म्हणजे बेअरिंगपर्यंत पाणी जायच्या आत मालकाला सुगावा लागावा. माझ्या पंपानं सुगावा दिला होता, पण कव्हरच्या आत. कव्हर काढलं तेव्हा छिद्राखाली वाळलेल्या कूलंटचे गुलाबी-पांढरे ओघळ होते आणि दीड वर्षाचा, जवळजवळ नवा पट्टा एका कडेनं ओला होता. कूलंट प्यालेला पट्टा परत लावत नाहीत. पट्टा गेला, टेन्शनर गेला, आणि तीच उस्तवार पुन्हा. पंपाची किंमत त्या मजुरीच्या निम्मीही नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी कव्हर आपण काढायचं आणि आत काय आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. घरच्या दुरुस्तीची ही सगळी 'हौस' तिथून सुरू झाली, दाजी.

पंप लवकर का गेला त्याचं एक कारण मात्र गॅरेजात नव्हतं, आमच्या घरात होतं. बाटली खाली गेली की मी नळाखाली धरायचो, आणि नळाला पाणी बोअरचं. आमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते हे घरातलं पोरसुद्धा सांगेल. तीच खपली रेडिएटरच्या नळ्यांत आणि पंपाच्या सीलवर बसते. कूलंटमध्ये मिसळायचं ते डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते. हे मला गॅरेजवाल्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी काम करणाऱ्यानं गॅरेजवाल्यापेक्षा जास्त जपावं अशी एक गोष्ट आहे, आणि दाजींच्या यादीत ती नव्हती. काढलेलं कूलंट. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, पोटात जहर. गॅरेजच्या सिमेंटवर सांडलं तर तिथं वासरू येत नाही. अंगणात येतं. शेळी येते, कुत्रं येतं. मी पातेलं गाडीखाली ठेवून पाणी प्यायला घरात गेलो तेवढ्यात शेजाऱ्यांच्या शेळीनं त्यात तोंड घातलंच होतं. लेकीनं चप्पल फेकून हाकललं म्हणून बरं. तेव्हापासून झाकणाचा कॅन वापरतो. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर शिरायचं नाही, खाली लोखंडी स्टँड हवेत. उतारावरच्या अंगणात हे काम करायचंच नाही. आणि ज्याच्याकडं त्या दोन पिना नाहीत, टॉर्कचा पाना नाही, त्यानं व्हाइटनरच्या खुणांवर भिस्त ठेवून पट्ट्याला हात लावू नये. काही इंजिनांत कॅमची पुली चावीवर नसते, नुसत्या बोल्टच्या आवळणीवर असते. तिथं खूण बरोबर आणि टायमिंग चूक असं होऊ शकतं. "सगळं सोपं असतं, बिनधास्त करा" म्हणणारे जे नवे उत्साही निघालेत ते माझे वकील नव्हेत. त्यांच्यापेक्षा दाजी परवडले.

जाता जाता एक टोमणा असा होता की पूर्वीच्या गाड्यांना चेन असायची, हे रबर कंपन्यांनी लुटायला आणलं. अँबेसेडर-पद्मिनीला चेन होती, खरं आहे. पण दाजी ज्या मारुती ८०० वर गाडी शिकले, ती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली तेव्हापासून रबरी पट्ट्यावरच चालत होती, आणि तिच्याबद्दल ते आजही डोळे पाणावून बोलतात.

राहिला मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न. बाकीचे मुद्दे डोक्याचे होते, हा जिव्हारी लागला.

आमच्या गावच्या फाट्यावर ज्या मिस्त्रीचं गॅरेज आहे, त्यांनीच मला पाना धरायला शिकवलं. पट्टा बदलायचं ठरलं तेव्हा आधी त्यांच्याकडंच गेलो. पेरणीचे दिवस, दारात ट्रॅक्टरांची रांग. ते म्हणाले, "सर, तुमची गाडी चार दिवस इथं अडकंल. तुमच्या हातानं व्हतंय. फकस्त सेल्फ मारायच्या आधी मला बोलवा." किट त्यांनी सांगितलेल्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलं, कारण नकली पट्टे बाजारात कमी नाहीत. पिना त्यांच्याच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले, उकिडवे बसले, माझ्या हातातला पाना घेऊन स्वतः दोन फेरे फिरवले, पिन घातली, काढली, परत घातली. टेन्शनरच्या सुईवर अंगठा ठेवला. मग बॉनेटच्या कडेवर राहिलेला माझा दहाचा सॉकेट उचलून माझ्या हातात दिला. एवढंच. अर्ध्या तासाचे मी त्यांना जे पैसे दिले, ते त्यांनी मोजले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. ट्रॅक्टरवाल्यांची मजुरी त्या दोन दिवसांत त्यांना मिळालीच.

मिस्त्रीच्या पोटावर खरा पाय कुणाचा पडतो? जो पंचवीस-तीस वर्षांच्या हाताला 'अडाणी' म्हणून गाडी सरळ नांदेडला घेऊन जातो त्याचा. दाजींची इनोव्हा गेली सहा वर्षं नांदेडलाच जाते. हे मी पंगतीत म्हणालो नाही.

पण परवा फोनवर विषय निघाला तेव्हा एवढं विचारलं, की दाजी, तुमच्या गाडीचा पट्टा कधी बदललाय? म्हणाले, "बदललाय ना. मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागला होता, टाकली सर्व्हिसिंगला, दिवा गेला." मी म्हटलं, दिवा विझवायला मीटरची बटणं पुरतात, त्यासाठी पट्टा बदलावा लागत नाही. पट्टा बदलणारे बहुतेक जण कव्हरवर तारीख आणि किलोमीटरचं स्टिकर लावतात. आणि बिलात पट्ट्याची ओळ वेगळी असते. तेवढं बघा.

तासाभरानं उलट फोन आला. स्टिकर नव्हतं. बिलावर ऑइल, तीन फिल्टर आणि 'जनरल सर्व्हिस' एवढंच होतं. बराच वेळ दाजी काही बोलले नाहीत. मी म्हटलं, रविवारी आणा गाडी, मिस्त्रींनाही बोलावतो. हात कुणी लावायचा ते नंतर ठरवू, आधी नुसतं कव्हर काढून पट्टा बघू. तुमच्या गाडीत तर तो वरच्या वर दिसतो, माझ्यासारखं चाक काढायचीही गरज नाही.

"कव्हरला बोल्ट किती असतात रे?" दाजींनी विचारलं. "आन् पाना कितीचा लागतो?"